सात बाजांचं सुंभ

सिंहगड रस्त्यावरून पहाटे साडेपाचला निघालो,
सहा जण, तीन तंबू, एक गॅसची शेगडी.
साखर दोघांनी आणली, चहापूड कुणीच नाही.
वेल्ह्याच्या पुढे डांबर संपतं,
तिथे एका गोठ्याच्या आडोशाला गाडी लावली
आणि ओढ्याच्या कडेनं दीड तास उतरत गेलो.
कार्तिक सरत आलेला. गवत पिवळं, मोज्यांत कुसळं.
धबधब्याची नुसती एक बारीक धार उरलेली,
पायथ्याचा डोह मात्र तसाच,
काळा, गोल,
कुणी रांजण गळ्यापर्यंत पुरून ठेवावा तसा.

वाट दाखवायला धाकलू ढेबे होते,
खांद्यावर कुऱ्हाड, पायात टायरच्या चपला.
"किती खोल?" शर्विलनं विचारलं.
"सात बाजांचं सुंभ उसवून एकाला एक गाठलं,
धोंडा बांधून सोडलं,
तरी तळ नाय लागला. माझ्या आज्यानं सोडलं व्हतं."

मी हसले नाही. हात मात्र सॅककडे गेला.
चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली मी.
लोकांना पोरांचे वाढदिवस पाठ असतात,
मला खडकवासल्याच्या पातळ्या.
सॅकमध्ये शिशाचा ओळंबा होता, तीस मीटर दोरी,
दर मीटरला लाल दोऱ्याची गाठ.
निवृत्तीच्या दिवशी परत करायची राहून गेली.
राहून नाही गेली. ठेवून घेतली.

बाकीचे लाटण्याएवढी लाकडं गोळा करत होते,
गेल्या वर्षीच्या कोकणातल्या गरम कुंडाबद्दल बोलत,
टॉवेलला महिनाभर कसा गंधकाचा वास होता ते.
मी पुढे आलेल्या खडकावर पालथी पडले
आणि ओळंबा सोडला.
एक. दोन. तीन.
पाचव्या गाठीला बोटं बधिर.
नऊ.
दहा.
अकराच्या पुढे चार बोटं
आणि दोरी सैल पडली.

एवढंच?
माझ्या गॅलरीतून पार्किंग जेवढं खाली दिसतं,
साधारण तेवढंच.

मागे धाकलू उभे होते, केव्हापासून कोण जाणे.
"लागला?"
घरात कुणी झोपलेलं असावं तसं हळू विचारलं.
"लागला."
ते पाण्याकडे बघत राहिले.
"मलाबी ठावं हाय. तीस वर्सं झाली,
पुण्याचंच पोरगं व्हतं. पोलिसांनी गळ टाकलं,
तवाच कळलं.
पर आकडा बोलू नका, बाई.
तळ हाय म्हटलं, की पोरं तळ शिवाया जात्यात."

रात्री पिठलं खाताना शर्विलनं विचारलंच.
"दोरी संपली," मी म्हणाले.
चौतीस वर्षांतली माझी पहिली खोटी नोंद.
धाकलूंनी न बोलता
माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

सकाळी सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरले.
थंडीनं श्वास अर्ध्यावर अडकला, मग सुटला.
मध्यभागी उताणी तरंगत
मनात घोकत राहिले: अकरा मीटर, चार बोटं.
अकरा मीटर, चार बोटं.
मनाला पटलं.
पायांना नाही.
ते आपले जवळ जवळ येत राहिले,
जणू खाली अजूनही
कुणाचा तरी आजा सुंभ सोडतोय.

घरी आल्यावर दोरी गॅलरीत वाळत घातली,
तीन पदर करून.
शेजारच्या देवकुळेबाई म्हणाल्या,
"कपड्यांसाठी नवी का?"
"हो," म्हटलं. दुसरी खोटी नोंद.
दोरीवरची ओल अकराव्या गाठीच्या जरा पुढे
स्पष्ट थांबलेली होती,
कुणालाही वाचता आली असती.

मी तिच्यावर टॉवेल टाकला.
चिमटे लावले. दोन्ही बाजूंनी.